परदेशातून माल मागवताना काय काय करायचं: सप्लायर शोधण्यापासून गाडी आपल्या गेटवर येईपर्यंत

ठाणे-बेलापूर रोडवरच्या कुठल्याही एमआयडीसीत जा, रबाळे, महापे, पावणे, तुर्भे, नाहीतर इकडे ठाण्याला वागळे इस्टेटमध्ये, लहान कारखानदार भेटला की एक वाक्य हमखास ऐकायला मिळतं, "हेच चायनातून डायरेक्ट आणलं तर निम्म्यात पडेल". काही आयटम खरंच स्वस्त पडतात. पण निम्म्याचा जो आकडा डोक्यात असतो तो तिकडच्या फॅक्टरीच्या दाराचा असतो, आपल्या स्टोअरमध्ये माल उतरतो तेव्हाचा नसतो. आणि त्याहून महत्त्वाचं म्हणजे इथल्या पार्टीचा माल खराब निघाला तर आपण टेम्पोत घालून परत पाठवतो, बिल अडवून ठेवतो, फोन करकरून जीव खातो. परदेशातल्या पार्टीला पैसे गेले की यातलं काहीच करता येत नाही. म्हणून खालच्या प्रत्येक पायरीत एकच धोरण ठेवा, जे काही पक्कं करायचं आहे ते अ‍ॅडव्हान्स जायच्या आधी करायचं, कारण तोपर्यंतच सप्लायरला तुमची गरज असते.

बोलायला सोपं जावं म्हणून एक उदाहरण धरू. वॉटर ट्रीटमेंटचे डोसिंग युनिट (पाण्यात औषध मोजून सोडणारं मशीन) बनवणारा एक कारखाना आहे, रबाळ्यात, महिन्याला साधारण ३०० सोलेनॉइड व्हॉल्व्ह (विजेवर उघडबंद होणारे) लागतात, आणि मालकांना ते बाहेरून मागवायचेत.

पायरी १: हा आयटम बाहेरून आणायचाच आहे का

हा प्रश्न बरेच जण विचारतच नाहीत, सरळ वेबसाइटवर जाऊन सप्लायर शोधायला लागतात. आधी मुंबईत नागदेवी स्ट्रीटला किंवा लोहार चाळीत तोच आयटम रेडी स्टॉकमध्ये केवढ्याला मिळतो ते विचारून या. तिथला व्यापारी कंटेनरने आणतो, त्याने ड्युटी भरलेली असते, माल त्याच्या गोडाऊनला पडलेला असतो, आणि तुम्हाला पन्नास नग हवे असतील तर पन्नासच देतो. तुमची सगळा खर्च धरून येणारी किंमत त्याच्यापेक्षा पंधरा-वीस टक्क्यांनी तरी कमी नसेल तर माझ्या मते भानगडीत पडू नका, कारण तेवढा फरक अडकलेल्या भांडवलात आणि एखाद्या उशिरा आलेल्या कन्साइनमेंटमध्ये सहज निघून जातो.

ज्या पार्टचं डिझाइन तुम्ही दर चार महिन्यांनी बदलता तो बाहेरून आणू नका. जड आणि स्वस्त वस्तू, उदाहरणार्थ साधे लोखंडी ब्रॅकेट, तेही नको, भाडंच मालापेक्षा जास्त व्हायचं. आणि ज्या आयटमशिवाय लाइन बंद पडते तो आणायचा असेल तर इथला जुना सप्लायर तोडू नका, त्याला वीस-तीस टक्के ऑर्डर चालू ठेवा. दोन रुपये महाग पडेल पण बंदरावर माल अडकला त्या आठवड्यात तोच धावून येईल.

पायरी २: कागदावर नीट लिहा की काय पाहिजे

सगळ्यात जास्त भांडणं इथे जन्माला येतात. "सेम अ‍ॅज सॅम्पल" किंवा "गुड क्वालिटी" असं लिहिलेल्या पीओवर (परचेस ऑर्डरवर) कोणालाच धरता येत नाही. आपल्या व्हॉल्व्हचंच घ्या. साइज अर्धा इंच, थ्रेड बीएसपी की एनपीटी (दोन्ही दिसायला सारखे वाटतात, पण नीट बसत नाहीत आणि टेफ्लॉन टेप कितीही गुंडाळली तरी गळतात), बॉडी ब्रास, सील ईपीडीएम रबराचं, कॉइल २३० व्होल्ट ५० हर्ट्झ, कॉइलचा क्लास, सतत चालू ठेवली तर चालेल की नाही, प्रेशर किती ते किती, पॅकिंग एका खोक्यात किती नग, खोक्यावर काय छापायचं. हे सगळं एका पानावर, ड्रॉइंग नंबर आणि रिव्हिजन नंबरसकट. आणि त्याच पानावर हेही लिहा की कुठली गोष्ट तपासून माल पास किंवा रिजेक्ट करणार. टॉलरन्स (किती कमीजास्त चालेल) न लिहिलेलं माप म्हणजे सप्लायरच्या मर्जीवर सोडलेलं माप.

हे एक पान तयार करायला तुमच्या प्रोडक्शनच्या माणसाला बरोबर बसवा. परचेसवाला एकटा लिहायला बसला की नेमकं जे फिटरला माहीत असतं ते राहून जातं.

पायरी ३: एचएस कोड, ड्युटी आणि परवानग्या, सप्लायरशी बोलायच्याही आधी

प्रत्येक वस्तूला कस्टम्सचा एक कोड असतो, पहिले सहा आकडे जगभर सारखे, भारतात आठ आकडे. व्हॉल्व्ह ८४८१ मध्ये येतात, बेअरिंग ८४८२ मध्ये, मोटार ८५०१ मध्ये. सप्लायरने इनव्हॉइसवर टाकलेला कोड डोळे झाकून घेऊ नका, त्यांच्या देशातले शेवटचे आकडे वेगळे असतात आणि चुकीच्या कोडची जबाबदारी आयात करणाऱ्यावर असते, सप्लायरवर नाही. आपल्या कस्टम्स ब्रोकरला (कस्टम्समधून माल सोडवून देणारा एजंट), ज्याला आपण सगळे अजून सीएचए म्हणतो, कॅटलॉग पाठवून त्याच्याकडून कोड लेखी मेलवर घ्या.

कोड कळला की चार गोष्टी बघायच्या. बेसिक ड्युटी किती. त्या वस्तूवर त्या देशातून येणाऱ्या मालाला अँटी-डंपिंग ड्युटी (पडेल भावात येणाऱ्या मालावरची जादा ड्युटी) आहे का, कारण ही बेसिकच्या वर लागते आणि कधीकधी सगळं गणित एका फटक्यात उलटं करते. बीआयएसचा (भारतीय मानक ब्युरोचा) दर्जा सक्तीचा करणारा क्वालिटी कंट्रोल ऑर्डर लागतो का, लागत असेल तर परदेशातल्या त्या फॅक्टरीकडेच बीआयएसचं लायसन्स किंवा रजिस्ट्रेशन असावं लागतं, तुमच्याकडे असून चालत नाही. खेळण्यांना हे २०२१ च्या सुरुवातीपासून लागू झालं, इलेक्ट्रॉनिक्समधल्या बऱ्याच वस्तूंना त्याच्याही आधीपासून आहे, आणि यादी अधूनमधून बदलत राहते, म्हणून प्रत्येक ऑर्डरच्या वेळी नव्याने बघा. चौथं, वस्तूप्रमाणे इतर परवानग्या, वायफाय किंवा ब्लूटूथ असेल तर डब्ल्यूपीसीची (दूरसंचार खात्याच्या वायरलेस विभागाची) मंजुरी, खाण्याच्या गोष्टीला एफएसएसएआयची, किरकोळ विक्रीच्या पॅकमध्ये माल असेल तर वजनमाप खात्याच्या नियमाप्रमाणे एमआरपी वगैरेचं लेबल.

माल येऊन बंदरावर पडल्यावर बीआयएस लागतं हे कळलं तर पुढे जे होतं ते फार वाईट असतं, रोजचं भाडं चढत राहतं आणि शेवटी माल परत पाठवायचा की सोडून द्यायचा एवढाच प्रश्न उरतो. एका संध्याकाळच्या तपासणीने हे टळतं.

आणि ज्यांनी अजून काहीच केलेलं नाही त्यांच्यासाठी, डीजीएफटीच्या (सरकारच्या परकीय व्यापार खात्याच्या) पोर्टलवर आयईसी, म्हणजे आयात-निर्यातीचा कोड, काढा, फी ५०० रुपये, सगळं ऑनलाइन, आणि दरवर्षी एप्रिल ते जूनमध्ये ते अपडेट करायला विसरू नका, काही बदल नसला तरी, नाहीतर ते बंद पडतं. बँकेचा एडी कोड (परकीय चलनाचं काम करणाऱ्या शाखेचा नंबर) कस्टम्सच्या आइसगेट पोर्टलवर नोंदवून घ्यायचं कामही सीएचएकडून आधीच करून ठेवा.

पायरी ४: सप्लायर शोधणं आणि खरा आहे का बघणं

अलिबाबा, ग्लोबल सोर्सेस, मेड-इन-चायना हे सगळं सुरुवातीला ठीक आहे. जमत असेल तर एकदा तरी ग्वांगझूच्या कँटन फेअरला जाऊन या, वर्षातून दोनदा भरतो, एप्रिलला आणि ऑक्टोबरला, तीन फेजमध्ये, कुठल्या फेजला आपली लाइन आहे ते बघूनच तिकीट काढा. नुसतं चीनवर अडून बसू नका. तैवान, कोरिया, व्हिएतनाम, थायलंड, इटली इथेही या लाइनमधले चांगले कारखाने आहेत, आणि कोरिया, जपान, आसियान देश, यूएई, ऑस्ट्रेलिया यांच्याशी आपले व्यापार करार आहेत, त्यामुळे तिथून आलेल्या बऱ्याच मालावर ड्युटी कमी किंवा शून्य असते. एफओबीला (तिकडच्या बंदरात बोटीवर माल चढेपर्यंतच्या भावाला) दहा टक्के महाग दिसणारा व्हिएतनामचा सप्लायर ड्युटी धरल्यावर चीनच्या बरोबरीला येऊ शकतो. फक्त त्या सवलतीसाठी ओरिजिनचं सर्टिफिकेट लागतं आणि २०२० च्या कॅरोटार नियमांनंतर नुसतं सर्टिफिकेटही पुरत नाही, माल त्या देशात कसा बनला, किती व्हॅल्यू तिथे घातली गेली ही माहिती आयातदाराने स्वतःजवळ ठेवायची असते, कस्टम्सने विचारली तर द्यायची असते. सप्लायर ही माहिती द्यायला तयार आहे का ते आत्ताच विचारा.

चीनच्या कंपनीच्या बाबतीत तिचं बिझनेस लायसन्स मागा. त्यावर १८ अक्षर-आकड्यांचा एक कोड असतो, तो टाकून त्यांच्या सरकारी नोंदणीच्या वेबसाइटवर कंपनी शोधता येते, चिनी भाषेत आहे पण मोबाइलवर भाषांतर करून सगळं वाचता येतं: कंपनी कधी सुरू झाली, भांडवल किती, धंद्याचं स्वरूप काय लिहिलंय. स्वरूपात उत्पादनाचा उल्लेखच नसेल, फक्त विक्री आणि आयात-निर्यात असेल, तर तो ट्रेडर आहे. ट्रेडर वाईटच असतो असं नाही, लहान ऑर्डरला कधीकधी तोच बरा पडतो, पण फॅक्टरी म्हणून फसवत असेल तर पुढच्याही गोष्टीत फसवेल.

मग व्हिडिओ कॉल लावा. कॉन्फरन्स रूममध्ये बसलेल्या सेल्सच्या मुलीशी नको, तिला सांगा फोन घेऊन शॉप फ्लोअरवर चल, आत्ता, लगेच, टेस्टिंगचा बेंच दाखव, आत्ता मशीनवर कुठला जॉब चाललाय ते दाखव. "आज शक्य नाही, उद्या" असं तीनदा झालं तर यादीतून नाव काढा. शेवटचं, भारतात कोणाला माल देता ते विचारा आणि जमलं तर त्या कंपनीला फोन करा. आपल्याकडे माणसं सांगतात, खरंच सांगतात, फक्त विचारावं लागतं.

तीन-चार नावं उरतील. तेवढी पुरेत.

पायरी ५: कोटेशनची तुलना, म्हणजे घरपोच किंमत काढणं

सगळ्यांना एकच शीट पाठवा आणि सगळ्यांकडून एकाच टर्मवर भाव मागा. एकाने एक्स-वर्क्स (त्याच्या फॅक्टरीच्या दारातला), दुसऱ्याने एफओबी, तिसऱ्याने सीआयएफ (आपल्या बंदरापर्यंतचं भाडं आणि इन्शुरन्स धरून) दिला तर तुलना होऊच शकत नाही. आता हिशोब, आकडे समजा म्हणून घ्या, तुमचे तुम्ही टाका.

२००० व्हॉल्व्ह, एफओबी ४ डॉलर, म्हणजे ८००० डॉलर, डॉलर ९० रुपये धरला तर ७,२०,००० रुपये. समुद्राचं भाडं आणि इन्शुरन्स ३०,०००. झाले ७,५०,०००. यावर बेसिक ड्युटी समजा साडेसात टक्के, ५६,२५०. त्या ड्युटीच्या दहा टक्के सोशल वेल्फेअर सरचार्ज, ५,६२५. बेरीज ८,११,८७५. आता या सगळ्या बेरजेवर आयजीएसटी १८ टक्के, १,४६,१३७ आणि वर पन्नास पैसे. आयजीएसटीचं क्रेडिट मिळतं म्हणून किमतीत धरायचा नाही, पण ते पैसे माल सुटायच्या आधी रोख भरावे लागतात, दीड लाख, आणि क्रेडिट वापरलं जाईपर्यंत अडकतात, त्याची सोय बघून ठेवा. मग सीएफएस (बंदराजवळचं कंटेनरचं गोडाऊन), डिलिव्हरी ऑर्डर (माल सोडायचा कागद), सीएचए, गाडी मिळून ४५,००० आणि बँकेचे ५,०००. एकूण ८,६१,८७५, भागिले २०००, म्हणजे ४३१ रुपये.

एफओबीचे ३६० होते, सत्तर रुपये वर गेले. आणि तीन टक्के नग खराब निघाले असं धरलं तर वापरण्याजोगे १९४०, भाव ४४४. हा आकडा नागदेवीच्या भावाशी ताडून बघा, ३६० चा नाही.

यातले ४५,००० हे ५०० नग आणले तरी फारसे कमी होत नाहीत, म्हणून छोटी ट्रायल ऑर्डर नेहमी महाग पडते, त्यावरून कंटाळून आयात सोडून देऊ नका आणि त्या महागाईला घाबरून पहिलीच ऑर्डर मोठीही देऊ नका.

पायरी ६: सॅम्पल, आणि ते नीट फोडून बघणं

सॅम्पल तीन-चार नग मागवा, पैसे देऊन. आल्यावर नुसतं चालवून बघून खूश होऊ नका. वजन करा, कारण ब्रासच्या जागी झिंकचं कास्टिंग वर पॉलिश मारून देतात, डोळ्याला कळत नाही पण झिंक हलकं असतं, त्याच आकाराच्या तुमच्या जुन्या ब्रास व्हॉल्व्हशी काट्यावर लगेच फरक दिसतो, आणि कानशीने एक ओरखडा मारला की आतला रंग पिवळा आहे की राखाडी ते समोर येतं. सीलचं रबर ईपीडीएम आहे की नायट्राइल हे ओळखायला एक तुकडा साध्या मशीन ऑइलमध्ये एक-दोन दिवस बुडवून ठेवा, ईपीडीएम तेलात फुगतं, नायट्राइल जवळजवळ तसंच राहतं. आपल्याला क्लोरीनच्या पाण्यासाठी ईपीडीएम हवंय, म्हणजे फुगलं तर बरोबर. कॉइल आठ तास सतत चालू ठेवा आणि किती तापते ते मोजा.

पास झालेल्या सॅम्पलपैकी एक तुमच्याकडे सील करून, सही-तारखेसकट कपाटात, आणि एक तसंच सही केलेलं सप्लायरकडे परत. बल्कचा माल याच्याशीच जुळवायचा असं पीओत लिहा. आणि पहिल्या लॉटनंतर दुसऱ्या-तिसऱ्या लॉटलाही हीच तपासणी करा, मटेरियल बदलायचं असेल तर ते पहिल्या लॉटमध्ये सहसा बदलत नाहीत, विश्वास बसल्यावर बदलतात.

पायरी ७: टर्म्स, पेमेंट आणि पीओ

कुठला खर्च आणि जोखीम कोणाची हे ठरवणाऱ्या आंतरराष्ट्रीय अटींमध्ये, म्हणजे इन्कोटर्म्स २०२० मध्ये, एकूण ११ टर्म आहेत, तुम्हाला रोजच्या कामात तीन-चारच लागतात. एक्स-वर्क्स घेऊ नका, तिकडच्या देशातलं एक्स्पोर्टचं क्लिअरन्ससुद्धा तुमच्या गळ्यात पडतं. आणि छोट्या, म्हणजे एलसीएल (दुसऱ्यांच्या मालाबरोबर एकाच कंटेनरमध्ये येणाऱ्या) मालाला सीआयएफ तर अजिबात घेऊ नका. हे जरा सविस्तर सांगतो कारण नवीन माणूस इथे हमखास अडकतो. सप्लायर म्हणतो सीआयएफ न्हावा शेवा देतो, भाडं जवळपास फुकटच धरा, ऐकायला छान वाटतं. प्रत्यक्षात त्याचा फॉरवर्डर (माल वाहून आणायची सोय करणारा एजंट) तिकडे भाडं नाममात्र घेतो आणि इथल्या एजंटकडून ते वसूल करतो, डेस्टिनेशन चार्जेस, डी-कन्सोल, हँडलिंग, डॉक्युमेंटेशन अशा दहा नावांनी, दर क्यूबिक मीटरला. तुमचा माल त्यांच्या ताब्यात असतो, डिलिव्हरी ऑर्डर त्यांच्याकडून घ्यायची असते, भांडायला जागाच नाही. म्हणून एफओबी घ्या, किंवा कंटेनरच्या मालाला जास्त योग्य ती एफसीए (तुमच्या फॉरवर्डरच्या ताब्यात माल देईपर्यंत) घ्या, आणि फॉरवर्डर स्वतःचा, वाशी-बेलापूरला शेकडो ऑफिसं आहेत, तिघांकडून दोन्ही बाजूंचे सगळे चार्जेस लेखी घ्या आणि "याव्यतिरिक्त काही लागणार नाही" असं मेलवर लिहून घ्या.

सीआयएफमध्ये सप्लायर जो इन्शुरन्स काढतो तो कमीत कमी कव्हरचा, क्लॉज सी, त्यात चोरी धरलेली नसते, पावसाचं पाणी धरलेलं नसतं. स्वतः क्लॉज एची, म्हणजे सगळ्यात मोठ्या कव्हरची, पॉलिसी काढा, तिकडच्या गोडाऊनपासून आपल्या गोडाऊनपर्यंत.

पेमेंट साधारणपणे ३० टक्के अ‍ॅडव्हान्स आणि ७० टक्के नंतर, असं चालतं. हे ७० टक्के कशाच्या बदल्यात, यावर सगळं अवलंबून आहे. सप्लायर म्हणेल बीएलची (बिल ऑफ लेडिंग, माल बोटीवर चढल्याची पावती) कॉपी दिल्यावर. तुम्ही म्हणा इन्स्पेक्शन पास झाल्यावर, माल लोड व्हायच्या आधी. बीएलची कॉपी येते तेव्हा माल बोटीवर चढलेला असतो, त्यात काय भरलंय हे कोणालाच बघता येत नाही. रक्कम मोठी असेल तर एलसी (लेटर ऑफ क्रेडिट, बँकेने दिलेली पेमेंटची हमी), पण लक्षात ठेवा, एलसीत बँक फक्त कागद बघते, माल बघत नाही, एलसीच्या आंतरराष्ट्रीय नियमांचा, यूसीपी ६०० चा, नियमच तसा आहे. कागद बरोबर असतील तर खोक्यात विटा असल्या तरी पैसे जातात. म्हणून एलसीच्या कागदांच्या यादीत थर्ड पार्टीचं इन्स्पेक्शन सर्टिफिकेट घाला, तुम्ही नेमलेल्या एजन्सीचं.

आता सगळ्यात गंभीर गोष्ट. सप्लायरच्या नेहमीच्या मेल आयडीवरून मेल येतो, आमच्या बँकेचं ऑडिट चालू आहे, या वेळी पैसे या दुसऱ्या खात्यात पाठवा. मेल आयडी खरा असतो किंवा एका अक्षराचा फरक असतो, खाली सही तीच, इनव्हॉइस तसाच. कोणीतरी मेल हॅक करून मध्ये बसलेलं असतं. असे पैसे परत येणं फार कठीण. आमच्या ओळखीतल्या एका कारखान्याची पूर्ण बॅलन्स रक्कम अशी गेली आणि अकाउंटच्या मुलीला रडताना मी बघितलंय, तिचा काहीच दोष नव्हता, तिला कोणी नियमच सांगितला नव्हता. नियम असा करा: खातं बदललं की मेलवर उत्तर द्यायचं नाही, आधीपासून सेव्ह असलेल्या नंबरवर व्हिडिओ कॉल करून ओळखीच्या माणसाचा चेहरा बघून विचारायचं, आणि खात्याचं नाव पीओवरच्या कंपनीच्या नावाशी अक्षर न अक्षर जुळलं नाही तर पैसे पाठवायचे नाहीत. व्यक्तीच्या नावाचं खातं, तिसऱ्याच देशातलं खातं, सरळ नाही म्हणा.

पीओत या गोष्टी हव्यातच: स्पेसिफिकेशनचं पान जोडलेलं, डिलिव्हरीची तारीख आणि उशिराला आठवड्याला किती टक्के कपात, रिजेक्ट मालाचं काय, बदली की क्रेडिट आणि भाडं कोणाचं, आणि वाद झाला तर लवाद कुठे. कोर्टात जाऊ असं लिहून उपयोग नसतो, सिंगापूरसारख्या ठिकाणचा लवाद लिहा, १९५८ च्या न्यूयॉर्क कन्व्हेन्शनमुळे असा निवाडा दुसऱ्या देशातही अमलात आणता येतो. आठ हजार डॉलरसाठी कोणी लवादात जाणार नाही हे खरं, पण कलम असलं की बोलण्यात फरक पडतो. पीओ आणि बोलण्यात ठरलेलं सगळं सप्लायरच्या सही-शिक्क्याने परत आलं पाहिजे, व्हॉट्सअ‍ॅपवरचा अंगठा चालणार नाही.

पायरी ८: प्रोडक्शनचा पाठपुरावा आणि इन्स्पेक्शन

अ‍ॅडव्हान्स गेला की दर आठवड्याला फोटो मागा. कच्चा माल आला का, कास्टिंग झालं का, कॉइल आल्या का. विचारणाऱ्याचं काम पुढे सरकतं, गप्प बसणाऱ्याचं मागे राहतं.

कॅलेंडर समोर ठेवा. चिनी नववर्ष जानेवारीअखेर ते फेब्रुवारीत कधीतरी येतं, २०२७ मध्ये ६ फेब्रुवारीला आहे, त्याच्या आधी दोन आठवडे आणि नंतर दोन-तीन आठवडे कारखाने धड चालत नाहीत, कामगार गावी जातात आणि काही परत येतच नाहीत, त्यामुळे नंतरच्या पहिल्या लॉटची क्वालिटी जास्त बारकाईने बघा. ऑक्टोबरच्या पहिल्या आठवड्यातही सुट्टी असते.

इन्स्पेक्शनसाठी एसजीएस, ब्युरो व्हेरिटास, टीयूव्ही, इंटरटेक अशा एजन्सी आहेत, दिवसाच्या हिशोबाने पैसे घेतात. पूर्ण माल तयार आणि ८० टक्के पॅक झाला की बोलवायचं. नग किती तपासायचे याचं टेबल आयएसओ २८५९ मध्ये आहे: १२०१ ते ३२०० च्या लॉटला नेहमीच्या लेव्हलवर १२५ नग, मोठ्या दोषांसाठी एक्यूएल (चालवून घ्यायच्या दोषांची मर्यादा) २.५ धरला तर ७ खराब निघेपर्यंत लॉट पास, ८ निघाले की नापास, किरकोळ दोषांना ४.० धरला तर १० पर्यंत पास. व्हॉल्व्ह गळणं, कॉइलला शॉक लागणं हे जीवघेणे दोष, त्याला शून्य. एजन्सीला तुमची स्वतःची चेकलिस्ट द्या, नाहीतर ते खोकी मोजून, रंग बघून रिपोर्ट देतात.

नापास झाला तर माल सोडायचा नाही. सप्लायर म्हणेल बोट चुकेल. चुकू दे.

पायरी ९: बोट, पॅकिंग आणि कागद

शांघाय-निंगबोकडून न्हावा शेव्याला साधारण तीन आठवडे धरा, मध्ये कुठे माल उतरवून दुसऱ्या बोटीवर चढवणार असतील तर जास्त. युरोपातून येणारा माल २०२३ च्या अखेरीपासून तांबड्या समुद्रातल्या हल्ल्यांमुळे बराचसा आफ्रिकेला वळसा घालून यायला लागला, दहा-पंधरा दिवस वाढतात, फॉरवर्डरला रूट विचारूनच तारीख धरा. प्रोडक्शन महिना, इन्स्पेक्शन आणि बंदरापर्यंत दहा-बारा दिवस, बोट तीन आठवडे, इथलं क्लिअरन्स आठवडा, म्हणजे सत्तर दिवस. महिन्याला ३०० लागत असतील तर स्टोअरमध्ये ७०० उरले की पुढची ऑर्डर जायलाच हवी, आणि अडीनडीला अजून दोनशे-तीनशे वर ठेवा.

जून ते सप्टेंबरमध्ये पोचणाऱ्या मालाचं पॅकिंग वेगळं सांगा, खोक्यात प्लास्टिकचं लायनर, सिलिका जेल, पॅलेटवर ठेवून वरून श्रिंक रॅप. आपल्याकडच्या पावसात नुसता पुठ्ठा दोन दिवसांत लगदा होतो. लाकडी पॅलेटवर आयएसपीएम १५ चा (लाकडातली कीड मारल्याचा) शिक्का पाहिजे, नसेल तर माल कस्टम्सला अडतो.

बीएल फायनल व्हायच्या आधी इनव्हॉइस, पॅकिंग लिस्ट आणि बीएल तिन्हीचे ड्राफ्ट मागवून सीएचएला दाखवा. कंपनीचं नाव, पत्ता, आयईसी, जीएसटी नंबर, खोक्यांची संख्या, वजन, वर्णन, सगळीकडे तंतोतंत एकच. "स्पेअर पार्ट्स" असं मोघम वर्णन चालत नाही, "सोलेनॉइड व्हॉल्व्ह, ब्रास बॉडी, अमुक मॉडेल" असं पाहिजे. सप्लायरने स्वतःहून इनव्हॉइस कमी किमतीचा करून देतो म्हटलं तर नाही म्हणा, त्यात दंड तुम्हाला, माल जप्त तुमचा.

पायरी १०: न्हावा शेव्याचं क्लिअरन्स

बिल ऑफ एंट्री (आयात मालाचं कस्टम्सला द्यायचं कागदपत्र) बोट येण्याच्या आदल्या दिवसापर्यंत फाइल झालं पाहिजे, सुट्टी असली तरी. उशीर झाला तर पहिले तीन दिवस रोज ५,००० आणि पुढे रोज १०,००० दंड. त्यामुळे कागद बोट निघाल्याबरोबर सीएचएकडे गेले पाहिजेत, "येऊ दे बोट मग बघू" चालत नाही. ड्युटीचे पैसेही तयार ठेवा, असेसमेंट (ड्युटी ठरवणं) झालं की लगेच भरायचे असतात, नाहीतर व्याज चालू होतं. कस्टम्स डॉलरचा स्वतःचा ठरवलेला दर लावतं, तुमच्या बँकेचा नाही, म्हणून ड्युटीचा आकडा थोडा इकडेतिकडे होतो.

आता असेसमेंट फेसलेस आहे, तुमची फाइल दुसऱ्याच शहरातला अधिकारी बघतो, त्यामुळे समोर जाऊन समजावून सांगायची सोय नाही, जे काय ते कागदातून. कॅटलॉग, टेक्निकल लिटरेचर, पीओ, पेमेंटचा पुरावा, सगळं आधीच अपलोड करायला सांगा. क्वेरी आली तर त्याच दिवशी उत्तर द्या. सीएचएचा माणूस संध्याकाळी फोन करून म्हणतो, "साहेब, क्वेरी आलीय, मटेरियल काय आहे विचारतायत", तेव्हा स्पेसिफिकेशनचं ते पान हाताशी असलं की दोन मिनिटांचं काम असतं.

बंदरावर तीन वेगवेगळी मीटर चालू असतात हे समजून घ्या: सीएफएसचं जागेचं भाडं, बंदराचं डेमरेज, आणि कंटेनर परत करायला उशीर झाला की शिपिंग लाइनचं डिटेन्शन. प्रत्येकाचे मोफत दिवस वेगळे, आधी लेखी विचारा. पूर्ण कंटेनर असेल तर डिटेन्शनचे मोफत दिवस बुकिंगच्या वेळीच वाढवून मागा, तेव्हा मिळतात, नंतर मिळत नाहीत.

गाडीचं म्हणाल तर उरण ते रबाळे अंतर फार नाही, पण अवजड वाहनांच्या बंदीच्या वेळा बघूनच गाडी लावा, ठाण्याला वागळे किंवा घोडबंदरला जायचं असेल तर जास्तच, गाडी दिवसभर अडकली की ट्रान्सपोर्टवाला हॉल्टिंग (गाडी थांबल्याचे पैसे) लावतो.

पायरी ११: माल आल्यावर

खोकी उतरवताना फोटो काढा, गाडीतच, सील तोडण्याआधी सीलचा नंबरसुद्धा. एखादं खोकं फाटलेलं, भिजलेलं दिसलं तर डिलिव्हरीच्या कागदावर तसं लिहून सही घ्या आणि त्याच दिवशी इन्शुरन्स कंपनीला मेल, दोन दिवसांनी नाही. माल लगेच स्टोअरच्या रॅकवर लावू नका, आधी तपासा, कपाटातलं सॅम्पल बाहेर काढून वजन, रबर, कॉइल सगळं परत. दोष सापडला तर फोटो, व्हिडिओ, आकडे लिहून सप्लायरला पहिल्या आठवड्यातच कळवा. परत पाठवणं परवडत नाही, म्हणून पुढच्या ऑर्डरमध्ये वजावट किंवा फुकट बदली नग हाच खरा मार्ग असतो, आणि तो पुढची ऑर्डर द्यायच्या आधीच कबूल करून घ्यायचा असतो.

बँकेला बिल ऑफ एंट्रीची माहिती गेली आणि तुमच्या पाठवलेल्या पैशांशी जोडली गेली की नाही हे विचारा. आयडीपीएमएसमध्ये (आयातीच्या पेमेंटवर लक्ष ठेवणारी रिझर्व्ह बँकेची सिस्टीम) जुनी एंट्री उघडी राहिली तर पुढचं पेमेंट बँक अडवते, आणि ते नेमकं घाईच्या वेळी कळतं. आयजीएसटी जीएसटीआर-२बी मध्ये (जीएसटी पोर्टलवरच्या क्रेडिटच्या स्टेटमेंटमध्ये) दिसतोय का तेही अकाउंटकडून बघून घ्या, नसेल तर जीएसटी नंबर कुठेतरी चुकलाय.

शेवटी एक फाइल उघडा, आयटमप्रमाणे, आणि त्यात खऱ्या खर्चाचा हिशोब लिहा, अंदाजाच्या शेजारी प्रत्यक्ष: भाडं किती धरलं किती लागलं, दिवस किती धरले किती लागले, खराब किती निघाले. पुढच्या वेळी सप्लायर "डॉलर वाढला, भाव वाढवून द्या" म्हणेल तेव्हा हीच फाइल उघडून बोलायला बसा.